टाइल फिकी झाली

नवी वेबसाईट सुरू झाली आणि माझा फोन वाजेनासा झाला.

"चांगलंच आहे की, बाबा," सून म्हणाली. "लोक आजारी नाहीत."

थंडी पडायला लागली होती. थंडीत लोक आजारी पडत नाहीत हे काही मला पटेना.

आमचं काम काय ते आधी सांगतो. घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथं ऑक्सिजनची मशीनं, चाकांच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या असं सगळं ठेवलेलं असतं. घरात कुणी आजारी असलं की लोक मागतात, मी नेऊन देतो, गरज संपली की परत आणतो. भाडं घेत नाही. हे सगळं माझ्या बायकोनं सुरू केलं. तिचे वडील गेले तेव्हा त्यांच्यासाठी आणलेलं मशीन घरात पडून होतं. ते तिनं शेजारच्या आजोबांना दिलं, तिथून सुरुवात. कॉम्प्युटर तिचा, व्हॅन माझी. ती म्हणायची, "डोकं माझं, पाठ तुमची." पाठ अजून शाबूत आहे. ही गेल्या उन्हाळ्यात गेली. कपडे वाळत घालता घालता दमले म्हणून खुर्चीवर बसली, ती उठलीच नाही.

जुनी वेबसाईट हिनंच बनवली होती, कुठल्याशा क्लासला जाऊन. राखाडी पान, निळ्या अक्षरांखाली रेघा, आणि वर एक जाडजूड पिवळं बटण. त्याच्या खाली सावली होती, दाबलं की ते आत गेल्यासारखं दिसायचं. लोक त्यावरून अर्ज पाठवायचे. एखादं मशीन कुणाला कबूल केलं की ही त्याचं नाव आपल्या हातानं फिकं करून ठेवायची. म्हणजे दुसरा कुणी मागणार नाही, आणि ज्यानं मागितलं त्याला कळेल की आपलं काम झालं. मशीन परत आलं की नाव पुन्हा गडद. स्वयंपाक करता करता ओला हात पदराला पुसून ती एवढ्यासाठी उठायची. मी चिडवायचो, "तुझी पोरं उठली का झोपली?"

ती गेल्यावर ते काम मी करून पाहिलं. जमेना. शिवाय लोक आता सगळं फोनवर बघतात, आणि फोनवर ती साईट उघडली की अक्षरं मुंगीएवढी. "काका, उघडत नाही," "काका, दिसत नाही," एवढंच ऐकत होतो. शेवटी सुनेनं काम हातात घेतलं. मुलगा जहाजावर असतो, घरात आम्ही दोघंच. सून एका कंपनीत हेच काम करते, वेबसाईट कशी दिसावी ते ठरवण्याचं. महिनाभर सुट्टीच्या दिवशी बसून तिनं नवी साईट केली आणि एका सकाळी चहाबरोबर फोन माझ्यापुढं धरला.

"हे काय, न्हाणीघर?" मी म्हणालो.

"बाबा!"

"फरश्याच आहेत की. एक निळी, एक हिरवी, एक केशरी."

"टाइल्सच म्हणतात त्यांना. एका टाइलवर एक वस्तू. बघा, हात थरथरत असला तरी बोट चुकणार नाही एवढी मोठी आहे. मोतीबिंदू असला तरी वाचता येईल. सावल्या नाहीत, चकचक नाही, म्हणून उघडते पण लगेच. आईंची साईट उघडेपर्यंत माणूस बरा व्हायचा."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि तिनं जीभ चावली. मी हसलो. ते तर ही स्वतःच म्हणायची.

बोट लावून पाहिलं. खरंच पटकन उघडत होती. चष्मा न लावता मला 'हवेची गादी' वाचता आलं.

"पण दाबायचं कुठं?" मी विचारलं.

"कुठंही. अख्खी टाइल दाबायचीच आहे."

"आणि ही वरची? आपला पत्ता लिहिलाय ती?"

"ती नाही. ते नुसतं लिहिलंय."

"मग दोन्ही सारख्याच सपाट आहेत. दार कुठलं आणि भिंत कुठली हे बघणाऱ्यानं ओळखायचं कसं?"

"सवयीनं. सगळीकडे आता असंच असतं, बाबा. बँकेत, तिकिटाला, सगळीकडे. तुम्हाला वाटतं आपले लोक म्हातारे आहेत, पण ते रात्रंदिवस फोनमध्ये असतात."

"ते पिवळं बटण तेवढं राहू दे की."

"नव्या कोटाला एक जुनं बटण लावल्यासारखं दिसेल हो."

बरोबर होतं तिचं. तसंच दिसलं असतं. ते बटण कुणाचं होतं हे दोघांनाही माहीत होतं. तिनं जरा वेळानं मला शिकवलं. टाइल दाबायची, मग पान वर सरकवायचं, खाली अर्ज उघडलेला असतो, त्यात नाव-पत्ता भरायचा आणि 'पाठवा' म्हणायचं. मी दोनदा करून दाखवलं. जमलं.

आणि मग ही शांतता.

तसे काही अर्ज येत होते. एक कुबडी, एक गादी. पण आधी जेवताना दोनदा उठायला लागायचं, आता ताट पुसून झालं तरी फोन गप्प. ऑक्सिजनची मशीनं भिंतीला लावून ओळीनं उभी होती. एवढी सगळी एकदम घरात असलेली मी कधी पाहिली नव्हती. खाली खोलीत गेलो की बघवत नसे. मी येता-जाता फोन काढून साईट उघडायचो, चालू आहे ना बघायला. ऑक्सिजनची निळी टाइल दाबायचो. ती जराशी फिकी व्हायची, मी पान सरकवायचो, अर्ज दिसायचा, मग बंद करायचो. व्हॅनमध्ये सिग्नलला दाबायचो. दाढी करताना दाबायचो. बायको असती तर म्हणाली असती, सारखं झाकण उघडलं तर भात कसा शिजेल.

सुनेला म्हटलं, "काहीतरी चुकतंय."

तिनं कॉम्प्युटर उघडून दाखवला. "बघा, साईटवर येणारे आधीपेक्षा दुप्पट झालेत. आणि सगळ्यात जास्त बोटं कशावर पडतात? ऑक्सिजनवर. म्हणजे टाइल लोकांना दिसतेय, दाबतायत."

"मग अर्ज का नाहीत?"

"बघून ठेवत असतील. गरज लागली तर असावं म्हणून." मग ती नरमली. "बाबा, तुम्ही नीट झोपत नाही. मला आवाज येतो. आईंनी केलेलं मी मोडलं असं वाटतंय का तुम्हाला?"

"तसं नाही गं."

थोडंसं तसंही होतं. म्हणून मी माझ्याच काळजीवर विश्वास ठेवेना.

पण शिंपीणबाई डोक्यातून जाईनात. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांचं घर. त्यांच्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, जन्मभर कपडे बेतले माणसानं. फुप्फुसं खराब झालेली. दर थंडीला त्यांचा दम वाढतो, आणि दर थंडीला शिंपीणबाईंचा अर्ज येतो. त्यांना ऐकू येत नाही, अजिबात. फोन करून उपयोग नाही, आणि त्यांनाही करता येत नाही. दम लागल्यावर मास्तरांच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणजे आमच्या आणि त्यांच्यामध्ये दोरी एकच, ती वेबसाईट. सकाळी व्हॅनच्या काचेवर दव गोठायला लागलं तरी त्यांचा अर्ज नव्हता.

"बरे असतील या वर्षी," सून कामावर निघताना म्हणाली.

"असतील."

"उगाच एवढं मशीन घेऊन हिंडू नका. पाठ धरेल."

"नाही हिंडत."

तिची पाठ वळली आणि मी मशीन व्हॅनमध्ये चढवलं. रस्ताभर मनाशी म्हणत होतो, मास्तर दारातच ऊन खात बसलेले दिसतील. म्हणतील, काय हो, वाट चुकलात? आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. मला तसंच व्हायला हवं होतं.

दार उघडंच होतं. शिंपीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, रस्त्याकडे डोळे लावून.

"आलात बाई एकदाचे!" त्या ओरडल्या. त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे अर्ध्या गल्लीला कळलं. "परवापासून उभी आहे मी! भाऊ, तुमची बायको होती तेव्हा मागितलं की संध्याकाळी गाडी दारात!"

आत खाटेशेजारचं शिलाईचं मशीन त्यांनी सरकवून ठेवलं होतं. जागा झाडून पुसून मोकळी केलेली, विजेचा बोर्डही मोकळा. सगळं आमच्या मशीनसाठी. आणि खाटेवर मास्तर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. ओठांचा रंग मला आवडला नाही. माझ्याकडे बघून त्यांनी एक बोट वर केलं. बस्स, तेवढंच.

मी मशीन कसं आत आणलं ते आठवत नाही. नळी जोडली, बोटाला लावायचा चिमटा लावला, आकडा एक्क्याऐंशी. डॉक्टरांनी जेवढं लिहून दिलं होतं तेवढ्यावरच मशीन ठेवलं. जास्त द्यायचं नसतं, मास्तरांच्या आजारात जास्तही वाईट. मी टेबलावर शिंप्याच्या खडूनं लिहिलं: 'दवाखान्यात न्यायचं?' शिंपीणबाईंनी वाचलं आणि मान हलवली. पाव तास बघायचं, आकडा अठ्ठ्याऐंशीच्या वर गेला नाही तर न्यायचं, असं डॉक्टरांचं सांगणं होतं. तेवढं सांगून त्या नवऱ्यामागे उशी लावायला गेल्या.

ॲम्ब्युलन्सचा नंबर फोनवर काढून ठेवला आणि बसलो. मशीन धापा टाकत होतं, मास्तरही. ब्याऐंशी. ब्याऐंशी. एक्क्याऐंशी. माझ्या डोक्यात एकच, शिंपीणबाई परवापासून उभ्या आहेत. म्हणजे त्यांनी परवाच मागितलंय. मग ते गेलं कुठं?

चौऱ्याऐंशी झाले. मास्तरांचे खांदे जरा खाली आले.

मी खडूनं लिहिलं, 'अर्ज आला नाही.'

"आला नाही कसा?" शिंपीणबाई कडाडल्या. "मी काय खोटं बोलते? हे बघा!"

त्यांनी फोन काढला. आमची साईट उघडली. अंगठ्यानं निळी टाइल दाबली. टाइल फिकी झाली. त्यांनी फोन माझ्या नाकासमोर नाचवला.

"बघा! झालं की नाही फिकं? तुमची बायको करायची तसंच. उलट तिला वेळ लागायचा, हे आता लगेच होतंय. म्हटलं नवी साईट बरी आहे, मागितलं की ठरलं!"

मी त्या टाइलकडे बघत राहिलो. अर्ज खाली उघडला होता, पण त्यांच्या फोनच्या काठाच्या खाली. वरून बघणाऱ्याला खाली काही आहे याची खूणच नव्हती. ना सावली, ना कडा. सपाट. मी रोज दाबत होतो ती हीच टाइल, पण मला शिकवलं होतं की दाबल्यावर सरकवायचं. आणि फिकं म्हणजे ठरलं, ही सवय आमच्या जुन्या लोकांना माझ्या बायकोनं लावली होती. सुनेला ते माहीत नव्हतं. तिनं विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही.

मी सुनेला फोन केला. "हातातलं काम टाक आणि शिंपीणबाईंकडे ये."

"काय झालं? मास्तर..."

"आहेत. ये तू."

ती आली तेव्हा आकडा एकोणनव्वद होता आणि मास्तर पहिला शब्द बोलले होते. शब्द होता "चहा". सुनेनं त्यांच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मग शिंपीणबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि पुन्हा टाइल फिकी करून दाखवली. सून पांढरी पडली.

"तूच केलीस होय ही?" शिंपीणबाई म्हणाल्या. "मग तुला सांगते. अक्षरं मोठी केलीस ते झकास. आधी मी भिंग लावून वाचायची. पण पोरी, कापडाला शिवण असते ती दिसावी लागते. शिवण लपवलीस तर माणसानं हात कुठून घालायचा?"

सुनेला हसू आलं आणि रडूही. तिनं मान हलवली. मग एकदम माझ्याकडे वळली.

"बाबा, ऑक्सिजनवर पन्नासच्या वर बोटं पडलीत. अर्ज दोन."

मला ते मघाच सुचलं होतं. मला ते तिच्या तोंडून ऐकायला नको होतं.

"म्हणजे बाकीचे..." ती म्हणाली.

"कुणी दाबलं ते कळतं?"

"नाही. नाव-पत्ता अर्जात असतो. अर्जच भरला नाही तर..." तिनं कॉम्प्युटर मांडीवर उघडला. "निदान किती जण असतील त्याचा अंदाज काढते. आपल्या घरातून कुणी दाबलंय का?"

मी मशीनची नळी सरळ करायला लागलो.

"बाबा?"

"मी दाबायचो. चालू आहे का बघायला."

"किती वेळा?"

"रोज."

"रोज किती वेळा?"

"मोजले नाहीत गं. दाढी करताना वगैरे."

तिनं डोळे मिटले. ज्या आकड्यावर तिनं भरवसा ठेवला होता तो माझ्या बोटानं फुगवला होता. आणि आता तो आकडा काही सांगतही नव्हता. खाटेशेजारची जागा झाडून, दारात उभे राहून वाट बघणारे लोक चाळीस होते की चार, की शिंपीणबाई एकट्याच, हे कळायला मार्ग नव्हता.

तिनं तिथंच, त्या खोलीत बसून साईट बदलली. टाइल्स ठेवल्या, मोठ्या अक्षरांतच ठेवल्या. पण दाबायच्या टाइलला कडा दिली आणि खाली 'इथे दाबा' असं लिहिलं. फिकं होणं काढून टाकलं. दाबलं की आता अर्ज नव्या पानावर समोरच येतो. प्रत्येक बदल ती शिंपीणबाईंच्या हातात देऊन बघायची, आणि त्या बिनदिक्कत सांगायच्या, "हे नाही कळलं," "हे कळलं," "हा रंग कुणी मेलं असेल तर लावतात." सगळ्यात वर लाल पट्टी टाकली: तुम्ही आधी मागितलं असेल आणि गाडी आली नसेल, तर कृपया पुन्हा मागा. चूक आमची आहे. शेवटचं वाक्य तिनं घातलं. मी काढ म्हणालो नाही.

संध्याकाळपासून अर्ज यायला लागले. त्या आठवड्यात मी इतका हिंडलो की खरंच पाठ धरली. सून कामावरून आली की व्हॅनमध्ये शेजारी बसायची आणि उचलायला हात लावायची. प्रत्येक दारात मी एकच विचारायचो, "आधी दाबलं होतं का कधी?" कुणी म्हणायचं, हो, दोनदा दाबलं, मग म्हटलं येतील. बहुतेक जण नाही म्हणायचे. नाही म्हटलं की बरं वाटायला हवं. मला उलट वाटायचं, म्हणजे ते दुसरेच आहेत, आणि अजून बसलेत कुठंतरी.

"बाबा, त्यातली निम्मी बोटं तुमची असणार," सून म्हणायची.

"निम्मी तर निम्मी. उरलेली?"

ती खिडकीबाहेर घरांचे नंबर वाचत बसायची.

एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरचा पत्ता आला. लिफ्ट नव्हती. दार एका तरुण माणसानं उघडलं, मागं खोलीत पडदे ओढलेले.

"आधी दाबलं होतं का?" मी दम खात विचारलं.

"हो, मागच्या आठवड्यात. वडिलांसाठी, ऑक्सिजन. ते फिकं झालं, म्हटलं झालं. तुम्ही आलाच नाहीत."

सुनेनं माझा दंड धरला.

"मग?" मी म्हणालो.

त्यानं मागं वळून खोलीकडे बघितलं. मला वाटलं, हे उत्तर ऐकायला मी जिना चढायला नको होता.

"मग काय, रात्रभर बसवून ठेवलं आणि पहाटे दवाखान्यात नेलं. चार दिवस होते तिथं. तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या आम्ही." तो बाजूला झाला. "काल घरी आणलं. आता म्हणतात, पडून कंटाळा आला, खिडकीशी न्या. म्हणून खुर्ची मागितली. आणलीत ना?"

खुर्ची खाली व्हॅनमध्ये होती. आतून एक म्हातारा आवाज आला, "कोण आहे रे?"

"मशीनवाले आलेत, आप्पा."

"आत्ता आले होय?" आतला आवाज म्हणाला. "त्यांना म्हणावं, आधी माझ्यासमोर येऊन उभं राहा."

मी चपला काढल्या आणि आत गेलो. सून खुर्ची आणायला जिना उतरली.